खंडेनवमीच्या पाटावरच्या चार डिस्क

मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच हॉर्न देतो. लोकांचे असले अनुभव वाचून खाली "आधी घरातलं वायरिंग तपासून घ्या" असं लिहिणारा जो आगाऊ इसम असतो ना... तो मीच. तेव्हा आज मला हसायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

वाय-टू-केचा बागुलबुवा येऊन गेला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट. मी तेव्हा एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सर्व्हर सांभाळत होतो. नातेवाइकांत "कॉम्प्युटरमधला" म्हणून माझी ख्याती होती, म्हणजे कुणाचाही प्रिंटर अडला की बोलावणं मला.

कोथरूडला माझी थोरली बहीण, सुधाताई राहते. तिचे यजमान, आमचे भाऊजी, बँकेतून निवृत्त झाल्यापासून अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. तळमजल्याचा फ्लॅट, त्यातली मागची खोली, दाराला आतून जुनी गादी ठोकलेली, हा त्यांचा स्टुडिओ. बारा-तेरा वर्षांच्या कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि कॅसेटी टाकून दिल्या. सल्ला माझाच. "चार डिस्क एकत्र बांधून देतो, भाऊजी. एक गेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम भरून काढतात. निर्धास्त राहा!"

भाऊजी त्या चैत्रात गेले. आणि नवरात्रात त्यांचं मशीन गेलं. डिस्क चारही ठणठणीत होत्या, पण मशीनच जळालं. एखादी डिस्क जाईल याची मी तयारी केली होती. अख्खं मशीन जाईल हे काही माझ्या हुशारीत बसलं नव्हतं. वेगळी प्रत कुठेही नव्हती. मुलांची सहामाही पंधरा दिवसांवर होती आणि अकरा मुलं इतिहास-भूगोलाच्या सीडीची वाट बघत होती.

खंडेनवमीला सकाळी मी ताईकडे गेलो. जुन्या मशीनमधून चारही डिस्क काढल्या. इथे क्रमाला फार महत्त्व असतं. समजा, चार जणांनी मिळून एक पुस्तक लिहिलं — पहिली ओळ पहिल्याच्या वहीत, दुसरी दुसऱ्याच्या वहीत, असं. वह्यांचा क्रम चुकला तर हाती येतो तो निव्वळ चोथा. म्हणून मी प्रत्येक डिस्कवर नंबराची पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि नवं मशीन आणायला बुधवार पेठेत गेलो.

परत आलो तर चारही डिस्क पाटावर. ओल्या फडक्याने लख्ख पुसलेल्या, वर हळदकुंकू, प्रत्येकीला एक झेंडूचं फूल. शेजारी भाऊजींचा माइक, त्यालाही फूल.

"ताई, चिठ्ठ्या कुठायत?"

"कचऱ्यात. असा चिकट कागद लावलेल्या वस्तूची कोणी पूजा करतं का रे? हे दर खंडेनवमीला स्वतः पुसून मांडायचे. यंदा मी मांडलं."

ऑफिसात पोरांना मी ऐकवायचो, "आधी मार्करने नंबर, मग स्क्रूला हात." आणि स्वतः? गोंदाची चिठ्ठी! डिस्क चारही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. क्रम आठवेना. (मला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, हे घरी सर्वमान्य आहे.) जुन्या फाइलींत शोधलं, कुठे लिहून ठेवलेलं सापडलं नाही. या चार डिस्क एकत्र बांधणारं कार्ड ज्याने विकलं होतं, त्याला फोन केला. तो म्हणाला, "चुकीच्या क्रमाने लावून एकदा का 'हो' म्हणालात, तर ते आपल्या समजुतीप्रमाणे दुरुस्ती सुरू करेल. म्हणजे पुसूनच टाकेल. एकच चान्स आहे असं समजा."

चार डिस्कांचे क्रम होतात चोवीस. मी मशीन बंदच ठेवलं. ताईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रडली नाही, नुसती पाटाकडे बघत बसली. ते मात्र मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी जेवणं झाल्यावर अपर्णा सोनं द्यायला आली. अपर्णा ही भाऊजींची अगदी पहिली विद्यार्थिनी. जन्मापासून दृष्टी नाही. त्यांच्याच कॅसेटींवर बी.ए. झाली आणि तेव्हा एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. डिस्कांची भानगड तिला कोणी सांगितली नव्हती. ताईला आपट्याची पानं देऊन तिने नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, सरांच्या वस्तू मांडल्यात ना? त्यांनाही देते."

पाटाशी बसून तिने माइक चाचपला, पान ठेवलं. मग पहिल्या डिस्कवर हात ठेवला, दुसऱ्या, तिसऱ्या... आणि थांबली.

"काकू, हे असे उलटसुलट का मांडलेत?"

"म्हणजे गं?"

"पहिल्या जागी तीन नंबर ठेवलाय. मग एक, मग चार, शेवटी दोन. सरांनी कडेला टोचलेत की, नेहमीसारखे."

भाऊजी प्रत्येक कॅसेटला ब्रेलचे ठिपके टोचलेली पट्टी लावायचे, हे खरं. पण या डिस्कांना पट्टी नव्हती. मीच बसवल्या होत्या, मीच काढल्या होत्या. तिने जिथे बोट ठेवलं होतं तिथे मी बोट फिरवलं. गुळगुळीत धातू! ताईने चष्मा लावून पाहिलं. काही नाही.

"अपर्णा, परत सांग बरं."

"तीन, एक, चार, दोन. दादा, एवढं स्पष्ट आहे की!"

मी ताईला बाहेरच्या खोलीत नेलं. "ताई, मी हे करू शकत नाही. कशाच्या भरवशावर? चुकलं तर सगळं गेलं."

"नाही लावलं तरी आत्ता कुठे काही वाजतंय?" ताई म्हणाली. "लाव."

लावल्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. 'हो' दाबलं. मिनिटभर नुसती घरघर... आणि पडद्यावर यादी उघडली. इयत्ता, विषय, धडा — सगळं जागच्या जागी. ताईनेच बोट दाखवलेली एक फाइल लावली, आणि गादी ठोकलेल्या त्या खोलीत भाऊजी बोलले: "धडा चौथा. ...थांबा, पान चुकलं."

ताई पदर तोंडाला लावून हसली. रडलीही असेल, मी नीट पाहिलं नाही.

अकराही मुलांना सीडी वेळेवर मिळाल्या. सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढून झाल्यावर मी मशीन उघडलं, डिस्क बाहेर काढल्या आणि अपर्णाला मुद्दाम बोलावलं. तिने चारही कडा सावकाश चाचपल्या. पुन्हा चाचपल्या.

"आता काही नाही लागत, दादा."

ऑफिसातला मित्र म्हणतो, योगायोग. चोवीसात एक काही फार दुर्मीळ नाही. असेल. पण अपर्णाला तर क्रम ओळखायचा असतो हेही ठाऊक नव्हतं, मग ती अंदाज तरी कशाचा करणार? इतकी वर्षं झाली, मला उत्तर मिळालेलं नाही. वायरिंगही तपासून झालं.

त्या दिवशी मी तिला जरा जास्तच खोदून विचारलं. ठिपके नक्की हाताला लागले होते ना? भास नव्हता ना? तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दादा, आयुष्यभर मला सगळे सांगत आलेत, 'अगं, समोरच तर आहे!' आणि मी ते मान्य करत आले. एकदा तुम्ही करा."