पापाजींनी आज चप्पल लपवली नाही

मंडळी, सेक्टर ४३च्या बस स्टँडसमोरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. माहेरी, नाशिकला निघालेय.

आमच्या लग्नात माझ्या बहिणींनी नवऱ्याचे बूट लपवले होते. त्याचा बदला म्हणून माझे पंजाबी सासरे, पापाजी, मी माहेरी निघाले की माझी एक चप्पल लपवायचे. कधी कूलरमागे, कधी थेट स्कूटरच्या डिकीत! पहिल्यांदा तर मी चिडून रडले होते.

हल्ली पापाजी माणसं विसरायला लागलेत.

आज मी सवयीने कूलरमागे वाकून बघत होते. तेवढ्यात त्यांनीच दोन्ही चपला आणून माझ्यापुढे नीट मांडल्या आणि हात जोडले.

“फिर आइएगा जी. आपने चाय पी?”

सासरी इतका मान मला कधीच मिळाला नव्हता. कुणाला हवाय हो असला मान?