धवल्याला नवरी हवी

माझी आई धरमतरच्या मिठागरावर राबायची. तळपायाच्या भेगांत मीठ जाऊन झोंबायचं, पण पाय धुवायला घरात गोडं पाणी नसायचं. तिच्या कष्टांवर मी कॉलेजात गेले, घरातली पहिलीच, आणि आमच्याकडे लग्नं लावताना धवलारणी जे धवले गातात, त्या गाण्यांवर प्रबंध लिहिला.

तो गावोगावी पोचवायला विद्यापीठाने निधी दिला. पेणजवळच्या पहिल्या गावात माणसं रमली, तरच रोह्याच्या गावांसाठी पुढचे पैसे मिळणार होते. निधीवाल्या मॅडम समोरच बसलेल्या, आणि मी वाचत असताना बायका जांभया देत होत्या.

तेवढ्यात एक धवलारीण उठली. ठेंगणी, कपाळभर कुंकू, बोलताना पदर सारखा कमरेला खोचायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी माइक पुढे केला, "मावशी, एक धवला गा ना."

"नवरा-नवरी नाय न् धवला गाऊ? माइकचं लगीन लावू काय गो?"

सगळे हसले. तिने पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला ओढून पाटावर बसवलं, हळद मागवली. म्हातारीला म्हणाली, "लाजतेस काय गो, नवरा जुनाच हाय!" मग तिने सूर लावला आणि मघाच्या त्याच बायका तिच्यामागून गाऊ लागल्या. मॅडमच्या गालालाही हळद लागली.

रोह्याचा निधी मंजूर झाला. पुढच्या प्रत्येक गावात मी आधी जोडपं शोधलं, मग कागद काढला, आणि माझा प्रबंध ज्यांच्या गाण्यांवर होता, त्या बायकांपर्यंत तो पोचला.