आत जीव हाय

लालासाहेबांचा माणसाच्या हातावर काडीचा विश्वास नव्हता. अर्धं आयुष्य फौजेच्या पुरवठा खात्यात गेलेलं, आणि निवृत्तीनंतर आष्ट्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात ते खरेदी अधिकारी झालेले. माल पारखून घ्यावा, पक्का बांधून घ्यावा आणि मध्ये जितके हात कमी लागतील तितकं बरं, असं त्यांचं सरळ गणित. तरी मुंबईहून मागवलेलं प्रयोगशाळेचं काचसामान दोनदा चुरा होऊन आलं. आपटलं कुणीतरी वाटेत, पण बोल लागला खरेदीला!

शहाण्णव सालची नागपंचमी. दुसऱ्या दिवशी तपासणी पथक येणार होतं. प्रयोगशाळा रिकामी दिसली की रसायनशास्त्राचा वर्ग बंद, आणि लालासाहेबांची खुर्चीही गेली. अशात नव्या काचसामानाचा ट्रक अडकला तो नेमका शिराळ्यात. लालासाहेब जीप घेऊन धावले, तर ड्रायव्हर सिद्धू टपावर बसून जिवंत नागांची मिरवणूक बघतोय.

"अरं, ही काय तुझी वाट व्हय?"

"आवं सायेब, मी शिराळ्याचा. आजच्या दिशी नागोबाचं दर्शन चुकवू व्हय?"

ट्रक जागचा हलेना आणि जीप गर्दीपलीकडं. खोकी हातोहात न्यायची, दुसरा इलाजच नव्हता. पहिलं खोकं पुढच्या माणसाकडं देताना लालासाहेबांचा आवाज फाटला. "लय जपून रं गड्या! आत जीव हाय माझा!"

ढोलताशात शेवटचा शब्द बुडाला. पुढं पोचलं ते एवढंच, आत जीव हाय. नागपंचमीला शिराळ्यात खोक्यात जीव म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही.

"नागोबा हाय, नागोबा!"

मुंगी शिरायला जागा नव्हती, तिथं वाट झाली. तान्हं मूल द्यावं तशी खोकी या हातातून त्या हातात सरकू लागली. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, एका म्हातारीनं लाह्या उधळल्या. 'अहो, काच आहे,' असं सांगायला लालासाहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतके हात, आणि एकही चुकेना! हा कडक माणूस खोक्यांमागून बावरल्यासारखा चालत राहिला.

संध्याकाळी प्रयोगशाळेच्या विनोदिनीबाईंनी खोकी उघडली. पेंढ्यातून एकेक नळी धडधाकट निघाली.

"साहेब, सगळं शाबूत आहे! पण खोक्यांवर हे हळदकुंकू कसलं?"

लालासाहेबांनी दाराशी बूट काढले, पुढं आले आणि रिकाम्या खोक्याला हात जोडले.

"बाई, लय हात लागल्यात ह्याला," ते म्हणाले.