आडवी आलेली तार

विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबात उडणं कमी आणि वाट बघणंच जास्त. वारा पडायची वाट, मेकॅनिकची वाट, चहाची वाट. तेवढ्यात किस्से साठतात! आमचा क्लब मांजरी गावाच्या पलीकडे, उसाच्या रानाला लागून. मी तिथे ऑफिस आणि वॉकीटॉकी सांभाळायचो. आमचे निम्मे किस्से एकाच विजेच्या तारेचे.

*

ही तार रनवेच्या अलीकडे आडवी गेलेली. उन्हात दिसायचीच नाही. म्हणून आमचे इन्स्ट्रक्टर कॅप्टन गोडबोले यांचा नियम होता, उतरताना "तार दिसली!" असं ओरडायचं. नाही ओरडलात, तर विमान परत वर!

एक पठ्ठ्या अंदाजानेच ओरडला.

"कुठे दिसली?"

"डावीकडे, सर!"

"ती कपडे वाळत घालायची दोरी आहे!"

*

तार हलवा म्हणून सांगायला मी वीज कार्यालयात गेलो. साहेबांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"आधी तार आली की विमान?"

"तार."

"मग विमान हलवा."

*

संक्रांतीला तारेवर लालभडक पतंग अडकला. काय सांगू, सगळ्यांची लँडिंग झकास व्हायला लागली! मग एके दिवशी वीजवाले आपणहून आले आणि पतंग काढून गेले.

कॅप्टन म्हणाले, "उगाच नावं ठेवतो आपण. करतात हो कामं!"

*

मंदार नारायण पेठेतला. सॉफ्टवेअर कंपनीत नवा लागलेला, शनिवार-रविवार विमानात. एकदा कॅप्टनबरोबर उतरताना सूर्य डोळ्यांवर आला, चाक तारेला लागलं, तार तुटली आणि विमान तोडणी झालेल्या उसाच्या रानात जाऊन बसलं. दोघंही धडधाकट, देवाची कृपा! रानाचे मालक नाना धावत आले.

"लागलं न्हाई न्हवं?"

"नाही हो."

"मंग माझी पाण्याची मोटार बंद पाडलीया, तिचं बोला!"

मंदारची सोलो, म्हणजे एकट्याने उडायची पाळी, तेवढी राहिली होती. पण घरी कळलं आणि त्याच्या आईंनी विमानच बंद केलं. पोराचं तोंड बघवत नव्हतं. आठवड्याने आई स्वतःच आल्या. तोवर वीजवाल्यांनी तार पुन्हा होती तिथेच जोडली होती.

"मला ती तार दाखवा."

बराच वेळ मान वर करून बघितलं. "अहो कॅप्टन, एवढी बारीक तार दिसणार कशी? आणि वर मुलांनाच ओरडता!"

मग नानांच्या बांधावर बसून त्यांच्याशी कितीतरी वेळ बोलल्या. जाताना मंदारला म्हणाल्या, "उड. पण मी बघायला येणार नाही."

*

सोलो नेमकी पाडव्याला आली. "आई घरी गुढी उभारतेय," असं सांगून मंदार एकटाच वर गेला. एक फेरी मारून तो उतरायला वळला. कॅप्टननी माझ्या हातातून वॉकीटॉकी ओढून घेतला.

"मंदार, तार दिसली का?"

कॅप्टन रनवेच्या कडेला धावले.

"मंदार! तार दिसली का?"

"सर, तार नाही दिसत. तारेच्या अलीकडे नानांच्या रानात गुढी दिसतेय. लाल साडीची! आणि खाली आई उभी आहे. हाताने वर, वर म्हणतेय!"

कॅप्टन ओरडले, "मग आईचं ऐक!"