घरचं काम

माझा नवरा हिंगोलीत हळदीच्या एका अडत दुकानावर गाडी चालवायचा. चौदा वर्षं. मालक म्हणायचा, "तू तर आपला घरचाच माणूस," आन् हा येडा तेवढ्यानंच हुरळून जायचा. घरचा माणूस म्हणजे काय, तर पोती पोचवून झाली की मालकिणीचं दळण आण, म्हातारीला दवाखान्यात ने, सुट्टीच्या दिवशी बी गाडी धू. मी म्हणायचे, "काहून करता फुकटचं?" तर म्हणायचा, "तुला न्हाई कळायचं."

त्या दिवशी मालकानं त्याला पापडाचा डबा घेऊन जवळा बाजार गावाला, आपल्या बहिणीकडं धाडलं. गाडी दुकानाची, डिझेल दुकानाचं, हुकूम मालकाचा. वाटेत समोरून ट्रक अंगावर आला. उजव्या पायाचा गुडघ्याखाली चुरा झाला.

पोलीस जबाब घ्यायला दवाखान्यात आला तवा मी उशाशीच होते. "कुठं चालला होता?" त्यानं विचारलं. आन् ह्या शहाण्यानं काय सांगावं! "कामाला न्हाई साहेब, घरोब्यानं चाललो होतो." का, तर मालकाला तकलीफ नको! इथं पाय गेला आन् ह्याला काळजी मालकाची. मला तिथंच भिंतीवर डोकं आपटून घ्यावं वाटलं.

कामावर असताना अपघात झाला तरच मालकाकडून भरपाई मिळती, हे आमाला मागून कळालं. मालकाला आधीच ठाऊक होतं. आमी दावा लावला, तर त्याच्या वकिलानं तोच जबाब पुढं केला. दुकानाचं काम नव्हतंच म्हणे, माणूस आपखुशीनं गेला. जळो मेल्याची माया! नवऱ्याला ब्रेक दाबता येत न्हाई, शेतात उभं राहता येत न्हाई. भरपाई बुडाली तर आमी खावं काय?

कामगार कोर्टात साहेबांनी नवऱ्यालाच विचारलं, "घरोबा होता म्हणता. खरं काय ते सांगा." मालक समोरच बसला होता. नवरा कुबडी धरून उभा राहिला. बोला की आता तरी, मी मनातल्या मनात शिव्या घालून राहिले होते.

"साहेब," तो म्हणाला, "चौदा वर्षांत ह्यांच्या उंबऱ्याच्या आत माझा पाय पडला न्हाई. चहा बी फाटकाबाहेर, उभ्यानं."

साहेब लिहून घेऊ लागले. मी नवऱ्याकडं बघतच राहिले. हे त्यानं मला बी कधी सांगितलं नव्हतं.