मूळ पातळी

आई गेल्यापासून रुआबांधा वस्तीतल्या घरात बाबा आणि मी, आम्ही दोघंच. बाबा पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून रिटायर झालेले, कानही मिलच्याच आवाजाने गेलेले. बाजारातलं कानाचं मशीन शिट्ट्या मारायचं, म्हणून मी स्वतःच एक बनवून दिलं. मशीन चालवणारे ड्रायव्हर प्रोग्राम लिहिणं हीच माझी नोकरी, तीही घरून. बाबांच्या मशीनला दोन बटणं होती: एक आवाज कमी करायला, दुसरं डॉक्टरांनी ठरवलेल्या मूळ पातळीवर परत आणायला. वाढवायचं बटण मी शहाणपणा करून दिलंच नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे बाबांनी पहिल्यांदाच मशीनचा आवाज अगदी खाली नेला. त्यानंतर ते घरात मुकाट झाले. काही विचारलं की नुसती मान हलवायचे. टीव्हीसुद्धा बंद. मला वाटलं, रागावलेत. मग मीही तोंड मिटून, हेडफोन लावून कामाला बसू लागलो. असे पंधरा दिवस गेले. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

एका सकाळी मशीन त्यांच्या चष्म्याच्या डब्यात सापडलं.

"बाबा, कावून काढलं?" मी कानाशी ओरडून विचारलं.

"बहुत दाबलं ना बटन. काही फरकच नाही पडून राहिला. कानच गेले समज आता." मग हळूच म्हणाले, "तूनं बनवून देलं होतं, त तुले कसं सांगू?"

मी प्रोग्राम उघडला आणि कपाळावर हात मारला. मूळ आकडे आणि चालू आकडे मी एकाच जागी ठेवले होते. आवाज कमी केला की मूळ आकडाच पुसला जायचा, आणि दुसरं बटण तोच खालचा आकडा परत आणायचं. हीच चूक दुसऱ्याच्या कामात दिसली की मी चार लोकांत त्याची हजेरी घेतो. दिव्याखाली अंधार! डॉक्टरांच्या कागदावरून मूळ आकडे पुन्हा भरले, आणि प्रोग्रामला बदलताच येणार नाहीत अशा वेगळ्या जागी ठेवले. चालू आकडे म्हणजे आता त्यांची नुसती नक्कल. ती कितीही बिघडली तरी चालेल.

बाबांनी मशीन लावलं, दुसरं बटण दाबलं.

"ऐकू येऊन राहिलं का?" मी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"येऊन राहिलं ना!" खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले. "बोल आता."

"आवाज बरोबर आहे?"

"आहे. पुढं बोल."

ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले. पुढं बोलायला माझ्याकडे काहीच नव्हतं.