आत्याचं बेतणं आणि बाबांचं कुलूप

माझी आत्या कपडे बेतायची. शिवायला दुकानात दोघी बायका होत्या. आत्या फक्त माप घ्यायची, बेतायची आणि त्या दोघींच्या डोक्यावर उभी राहून त्यांचा जीव खायची. तिच्याकडे येणारी गिऱ्हाइकं वेगळी होती. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक खांदा पडलेला, कुणाला एकच हात, कुणी दिवसभर चाकाच्या खुर्चीत. बाजारातला तयार शर्ट या लोकांना काखेत काचायचा आणि मागून लोंबायचा. आत्याकडचा शर्ट घातला की तेच लोक आरशासमोर जरा जास्त वेळ रेंगाळायचे. "तयार कपडे सरळ माणसांसाठी असतात," ती म्हणायची, "आणि सरळ माणूस मला अजून भेटायचाय."

तिचा स्वतःचा डावा खांदा लहानपणी जिन्यावरून पडल्यापासून उतरलेला होता. गणवेशाची बाही सारखी घसरायची, मुली हसायच्या. एक दिवस तिने गणवेश सरळ उसवला आणि स्वतःच्या अंगावर बेतून पुन्हा शिवला. घरात बोलणी खाल्ली, पण बाही घसरली नाही. तिथून जे धरलं ते धरलंच. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. "नीट उभं राहून माप देईल असा कुणी आलाच नाही," असं म्हणून विषय संपवायची.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात संगणकावर बिलं काढायचे आणि संध्याकाळी आत्याच्या दुकानामागच्या खोलीत जाऊन बसायचे. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नाही. आत्या म्हणाली खिडकी लाव, की बाबा दार उघडायचे. "माझं ऐकायचं नाही अशी शपथ घेऊनच जन्माला आलाय हा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लहानपणी मला ते बाबांचं वर्णनच वाटायचं, डोळे काळे, उंची मध्यम, तसं.

एक दिवस बाबा म्हणाले, "ताई, मी तुला एक प्रोग्राम लिहून देतो. माप टाकलंस की कापडावर ठेवायला पेपर कटिंग छापून बाहेर."

"आधी नळाला पाणी सोडा वेळेवर," आत्या म्हणाली.

पण बाबा हट्टाला पेटले. आत्या बेतत असली की ते शेजारी उभे राहून प्रश्न विचारायचे. ती म्हणायची, खांदा उतरला की मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, खोल नाही होत, तिरका होतो. किती तिरका? हाताला कळतं तेवढा. "ताई, संगणकाला हात नसतो गं," बाबा कळवळून म्हणायचे. शेवटी त्यांनी पाठीला उशी बांधली, तिच्यावर आत्याने बेतलेला कोट चढवला आणि घरभर फिरू लागले. वाकले, बसले, वरच्या फळीवरचा डबा काढला, कुठे ओढतंय ते कागदावर लिहीत गेले. दूधवाल्याने आईला हळूच विचारलं, साहेबांच्या पाठीला काय झालं? आई म्हणाली, "पाठीला काही नाही, डोक्याला झालंय."

असं करत करत आत्याच्या हातातलं बरंच काही त्यांनी उतरवून घेतलं. प्रोग्राम उघडला की पडद्यावर पहिली ओळ यायची, "बोल ताई." आत्याने नाक मुरडलं, पण नंतर ती खडूचे हात पुसल्याशिवाय कळफलकाला हात लावायची नाही. पहिल्यांदा छापून निघालेले कागद तिने चिकटपट्टीने जोडले, मेजावर पसरले, आणि शिवणाऱ्या बायकांना सांगितलं, "बघा, आमच्या धाकट्याने काढलाय हा मुंढा." तिने बाबांचं केलेलं एवढं एकच कौतुक मला आठवतं. तेही ते खोलीत नसताना.

त्या दिवसांत बाबांच्या अंगात ओपन सोर्सचं वारं शिरलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की हा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला करावा, नुसता वापरायला नव्हे, आतून कसा लिहिलाय तेही दिसेल असा. आत्याला त्यांनी तिच्याच भाषेत समजावलं. "शिवलेला कपडा तर तू देतेसच. मी म्हणतो, पेपर कटिंगही दे. म्हणजे लांबच्या गावातल्या शिंप्यालाही वाकड्या पाठीचा शर्ट शिवता येईल. तुझं चुकलं असेल तर तो सुधारेल, आणि सुधारलेलं तुला परत मिळेल."

"माझं चुकत नाही," आत्या म्हणाली. "आणि कटिंग दिल्यावर माझ्याकडे काय उरलं? टेप?"

मी तेव्हा मनातून बाबांच्या बाजूने होते, आजही आहे. पण आत्याचं म्हणणं निव्वळ आडमुठेपणाचं नव्हतं. तिच्या हाताखाली शिकलेल्या एकीने समोरच्याच रस्त्यावर दुकान थाटलं होतं, आत्याचे बेतलेले कागद उचलून. उचलले ते उचलले, वर अर्धवट उचलले. त्या दुकानातला कोट घालून एका म्हाताऱ्याच्या बाक आलेल्या पाठीला शिवणीने घासून घासून जखम झाली, आणि त्याचा मुलगा भांडायला आला तो आत्याकडे, कारण पाटीवर 'यांच्या तालमीत तयार झालेल्या' असं आत्याचं नाव होतं. तेव्हापासून आत्याला कुणी नुसतं "कसं करता हो?" विचारलं तरी तिच्या कपाळावर आठी चढायची.

मग एक बाई आली. दुसऱ्या शहरात मोठं इस्पितळ होतं, तिथल्या शिवणखोलीची ती प्रमुख. रुग्णांना पट्टे, आधाराची जाकिटं, असलं शिवणारी. तिने आत्याचं काम पाहिलं, प्रोग्राम पाहिला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आमच्याकडे रांगा लागतात हो. आम्हाला हे मिळेल का?" आत्याने चहा पाजून नाही म्हटलं. बाबा तिला स्टँडवर सोडायला गेले आणि तिथे त्यांनी तिच्या हातात एक सीडी ठेवली. प्रोग्राम, आणि तो आतून कसा लिहिलाय तेही सगळं, जसंच्या तसं.

बाई सज्जन. तिने पोचल्यावर आभार मानायला फोन केला, तो आत्याला.

त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात बोलतात. आत्याने बाबांशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत, हातभर अंतरावर बसलेल्या भावाला ती माझ्यामार्फत निरोप द्यायची. "सांग तुझ्या बाबाला, दिवा बंद कर." "सांग तुझ्या बाबाला, चहा गार होतोय." मी मान वळवून सांगायची, "बाबा, चहा." बाबा म्हणायचे, "ऐकलं." आधी आम्हाला हसू यायचं. मग हसू आटलं. एके दिवशी ती म्हणाली, "सांग तुझ्या बाबाला, सख्ख्या भावाने माझा हात तोडून परक्याला दिला." बाबा उठून बाहेर गेले.

परत आले ते हरलेल्या चेहऱ्याने. त्यांनी आत्याच्या समोर बसून कार्यालयातल्या, घरातल्या, होत्या तिथल्या सगळ्या प्रती पुसल्या. इस्पितळातली प्रतही काढून टाकतो, म्हणाले. आणि तिला हवं तसं कुलूप केलं. बोटाएवढी एक किल्ली, ती संगणकाला लावली तरच प्रोग्राम चालायचा, तोही दुकानातल्या त्याच संगणकावर. आतून लिहिलेलं सगळं आणि गिऱ्हाइकांची मापंही त्याच कुलपाआड. किल्ली आत्याच्या कात्रीच्या पिशवीत राहायची.

"ताई," बाबा शेवटचं म्हणाले, "उद्या मी नसलो तर हे उघडणार कोण?"

"का? तू कुठे चाललायस?" आत्या म्हणाली. आणि त्या दिवसापासून दोघं पुन्हा बोलायला लागली.

बाबा कार्यालयात खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आत्याने दुकान काही दिवस बंद ठेवलं, मग उघडलं. ती सकाळी संगणक सुरू करायची, "बोल ताई" अशी ओळ यायची, आणि ती थोडा वेळ काही न टाकता नुसती बसायची. मी ते पाहिलंय. पाहून न पाहिल्यासारखं केलंय.

पुढे आत्याला कंपवाताने गाठलं. हातात खडू धरवेना. तरी दुकान चाललं, कारण तिचा खरा हात मागच्या खोलीतल्या संगणकात होता. टेप लावायला मी किंवा शिवणाऱ्या बायका. ती खुर्चीत बसून आकडे सांगायची. संगणक म्हातारा झाला होता, सुरू होताना धापा टाकायचा. मी नवा घेऊ म्हटलं की ती म्हणायची, "याच्यातच तो आहे." मला वाटलं, प्रोग्रामबद्दल बोलतेय.

एका सकाळी तो सुरू झालाच नाही. दुरुस्तीवाल्याने आतली डिस्क काढून कानाजवळ धरली आणि मान हलवली. डिस्क खरवडली गेली होती, काहीही निघण्यासारखं नव्हतं. तयार प्रोग्रामची एक सीडी बाबांनी आत्याला करून दिली होती. ती आम्ही नव्या संगणकात घातली, किल्ली लावली. "बोल ताई," पडद्यावर आलं. आत्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग खाली दुसरी ओळ आली. "हे यंत्र माझ्या ओळखीचं नाही. माफ कर."

"कुलूप पक्कं आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "ज्याने लिहिलंय त्याने आतून लिहिलेलं कुठे ठेवलं असेल, तर पाच मिनिटांचं काम आहे."

नेमकी त्याच आठवड्यात चिमणी आली. तिचं नाव वेगळं, पण आत्या तिला फ्रॉक घालायच्या वयापासून चिमणीच म्हणायची. कण्याला पीळ पडलेली मुलगी, तिचा प्रत्येक कपडा आत्याने बेतलेला. तिला शाळेत नोकरी लागली होती.

"काकू, कोट हवाय," ती म्हणाली. "फळ्यावर लिहायला वळले ना, की अख्ख्या वर्गाला माझी पाठ दिसणार. मुलं पहिल्या दिवशी जे बघतात तेच धरून बसतात."

"बाही घसरणार नाही तुझी," आत्या म्हणाली. तिने कधी कुणाला असा शब्द दिला नव्हता.

आम्ही हाताने बेतायला बसलो. त्या उचलाउचलीनंतर आत्याने कुणालाच बेतायला शिकवलं नव्हतं, म्हणून खडू माझ्या हातात, आणि मला साधं बटण लावता येत नाही. आत्या सांगायची, "इथून तिरकं." किती? "हाताला कळतं तेवढं." आणि आपला थरथरता हात पुढे करायची, आणि मागे घ्यायची. चिमणीने तो कोट घातला तेव्हा कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली आणि दोन खांद्यांच्या मधे कापडाचा फुगा आला. ती आरशासमोर क्षणभरही थांबली नाही. "छान झालाय काकू," म्हणाली, आणि "नंतर नेते" म्हणून कोट काढून ठेवला. त्या "छान"ने आत्या जितकी खचली तितकी कंपवातानेही खचली नव्हती.

ती गेल्यावर आत्याने तो कोट समोर टांगायला लावला. मग एकदम माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत चक्क हसू होतं.

"अगं, तो कसला पुसतोय! जन्मात माझं ऐकलं नाही त्याने. ठेवली असणार एक प्रत कुठेतरी लपवून. तुझा बाप आहे तो, मी ओळखते त्याला. शोध!"

मी शोधलं. बाबांचं कपाट, त्यांच्या सगळ्या सीड्या. गाणी निघाली, माझ्या लहानपणीचे फोटो निघाले, पाण्याच्या टाक्यांचे नकाशे निघाले. आत्या प्रत्येक सीडीला पुढे झुकायची आणि मागे टेकायची. "इस्पितळातली ती बाई," शेवटी ती म्हणाली. "तिच्याकडे नक्की. तिला त्याने ठेवू दिली असेल. लाव फोन."

बाई निवृत्त झाली होती, पण फोन तिनेच उचलला. मी फोन मेजावर ठेवला, दोघींना ऐकू येईल असा. कोण बोलतंय हे सांगितलं, काय हवंय ते सांगितलं.

"नाही हो," ती म्हणाली. "तुमचे वडील स्वतः आले होते इथे. माझ्यासमोर बसून पुसलं सगळं, माझी माफी मागितली. मी म्हटलं, अहो राहू द्या ना, कोण सांगतंय ताईंना? रांगेत पोरं बसली होती बाहेर, त्यांनी ती पाहिली होती. तरी म्हणाले, नको. आयुष्यभर ताईचं काही ऐकलं नाही, हे एवढं ऐकतो."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. चिमणीचा कोट समोर टांगलेला होता, मधला फुगा तसाच. मला आत्याला जवळ घ्यायचं होतं आणि त्याच वेळी गदागदा हलवायचंही होतं, आणि मी दोन्हीपैकी काही केलं नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाबा हातभर अंतरावर बसलेले असताना ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात बोलली.

"सांग तुझ्या बाबाला," ती म्हणाली, "एवढं ऐकायचं नव्हतं, म्हणावं."